आधी पार्ट शोधा, मग गाडी

पन्नास-साठ लाखांची जर्मन एसयूव्ही आठ-दहा वर्षांनी नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात उभी असलेली दिसते आणि भल्याभल्यांचं मन डळमळतं. चामड्याच्या सीट, पॅनोरॅमिक छप्पर, सहा सिलिंडरचं इंजिन आणि वर तो लोगो! व्यवहार फायद्याचा वाटतो. पण गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, तिच्या हेडलाइटचा किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा उतरत नाही. गाडी नवी असताना ज्या वर्गात होती, त्या वर्गाप्रमाणेच पार्टचा भाव लागतो. तुम्ही ती बारा लाखांत घेतली की पंधरा, याच्याशी काउंटरवरच्या माणसाला काही देणंघेणं नसतं. म्हणून इम्पोर्टेड जुनी गाडी घेताना 'गाडी केवढ्याला?' हा प्रश्न दुसरा. 'हिचे पार्ट कुठे, किती दिवसांत आणि केवढ्याला?' हा पहिला.

आपण ज्यांना सरसकट इम्पोर्टेड म्हणतो त्या गाड्या एका जातीच्या नसतात. मर्सिडीजची बरीचशी मॉडेलं चाकणला जुळवली जातात, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, जग्वार-लँड रोव्हरची काही पुण्यात, बीएमडब्ल्यूची चेन्नईत. सुटे भाग परदेशातून येतात आणि गाडी इथे उभी राहते. व्यवहारात हिला सीकेडी म्हणतात. संपूर्ण तयार होऊन बोटीतून उतरलेली ती सीबीयू. सीकेडी मॉडेल इथे संख्येने जास्त विकलं गेलेलं असतं, त्यामुळे फिल्टर, ब्रेक पॅड, लोअर आर्म, काचा या नेहमी लागणाऱ्या वस्तू वितरकाकडे सहसा पडून असतात. म्हणून सीकेडीचा माल स्वस्त, असं मात्र समजू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सचे अंतर्भाग बाहेरूनच येतात.

माझ्या मते गाडी कुठे बनली यापेक्षा ती इथे किती विकली गेली, हे जास्त महत्त्वाचं. मारुतीची किझाशी आठवते का? २०११ साली जपानहून तयार येऊन विक्रीला आलेली, चालवायला झकास सेडान. भाव ऐकून ग्राहक फिरकलेच नाहीत आणि थोड्याच वर्षांत ती बंद झाली. मारुतीची वर्कशॉप गावोगावी आहेत, पण म्हणून किझाशीचं मागचं बंपर गावोगावी मिळत नाही. तरी तिचं २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन त्या काळच्या ग्रँड विटारातही होतं, त्यामुळे इंजिनचा माल शोधायला निदान एक धागा सापडतो. शेव्हर्ले फॉरेस्टर हे याच्या पुढचं प्रकरण. नाव शेव्हर्लेचं, गाडी मुळात सुबारू, आणि सुबारूचं भारतात दुकानच नाही. शेव्हर्लेही २०१७ च्या अखेरीस इथली विक्री आवरून गेली. उलट टोयोटाची तयार आयात झालेली प्राडो घ्या. तिचं तीन लिटरचं डिझेल इंजिन पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या इंजिनाचंच कुळ आहे. इंजिनाचा माल जिल्ह्याच्या गावी मिळेल, दाराचा आरसा मात्र मागवावाच लागेल. घ्यायच्या गाडीचं असं एखादं भावंड भारतात चालतंय का, हे घरबसल्या शोधता येतं. रेनो कोलिओसवाल्यांना निसान एक्स-ट्रेलचा असाच आधार होता.

गाडी कुठली हे ओळखायला चॅसी नंबर पाहा. सतरा अक्षरांच्या या क्रमांकात सुरुवातीला 'जे' असेल तर जपान, 'डब्ल्यू' म्हणजे जर्मनी, 'एस' म्हणजे ब्रिटन. 'एमए' ते 'एमई' ही भारताची अक्षरं. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका. काही परदेशी कंपन्या इथे जुळवलेल्या गाडीवरही मूळ देशाचंच अक्षर ठेवतात. आरसीवरची आणि परिवहन खात्याच्या नोंदीतली माहिती ताडून पाहा, आणि गाडीची इम्पोर्टेड म्हणून नोंद आहे का ते खात्रीने विचारा. या एका नोंदीवर पुढे बराच खर्च ठरतो.

एखाद्याने खासगीरीत्या परदेशातून आणलेली जुनी गाडी असेल तर कागद दुप्पट बारकाईने तपासा. आपल्या आयात धोरणानुसार जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त वयाची चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि ती फक्त मुंबई बंदरातून उतरवता येते. शुल्क इतकं की गाडीच्या मूळ किमतीलाही मागे टाकतं. त्यामुळे कुणी कोलकात्याहून किंवा ईशान्येकडून 'इम्पोर्ट केलेली' बारा वर्षांची लँड क्रूझर सवलतीत देत असेल, तर तिथूनच नमस्कार करून निघा. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणून इथे पासिंग केलेल्या गाड्यांच्या मागे केरळात कस्टम खातं लागलं, तेव्हा गाड्या शेवटच्या मालकाच्या दारातून उचलल्या गेल्या. अशा गाडीची कस्टमची बिल ऑफ एंट्री पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नये.

आता मूळ मुद्दा, पार्टची चाचणी. गाडी पाहायला जाण्याआधी चॅसी नंबर मागवून घ्या. विकणारा तो द्यायला का-कू करत असेल, तर तेही एक उत्तरच आहे. मग दहा वस्तूंची यादी करा: पुढचा हेडलाइट, पुढची काच, पुढचं बंपर, बाजूचा आरसा, लोअर आर्म, पुढचे शॉकअब्सॉर्बर, वॉटर पंप, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंग रॅक. कंपनीच्या वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर फोन करा. संभाषण साधारण असं होतं: 'चॅसी नंबर सांगा.' तुम्ही सांगता. 'हेडलाइट स्टॉकला नाही, मागवावा लागेल, पूर्ण पैसे आगाऊ.' किती दिवस? 'तीन-चार आठवडे धरा, कस्टममध्ये अडकला तर जास्त.' आणि मागवलेला पार्ट परत घेत नाहीत. हेच दहा प्रश्न मग बाहेरच्या दोन दुकानदारांना विचारा. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत काश्मिरी गेटला अशा मालाचे जाणकार बसलेले आहेत, आणि त्यांतले बरेच आता देशभर कुरिअर करतात. तिन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. भाव आणि दिवस, दोन्ही. रोज ऑफिसला जायची गाडी एका आरशासाठी महिनाभर उभी राहिली तर तिची खरी किंमत त्या महिन्यात कळते.

यादीतला क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे फिल्टर, पॅड, बुश, बेल्ट, बहुतेक गाड्यांच्या मिळतात. कारण त्या बनवणारे मोजकेच आहेत आणि ते सगळ्यांना माल देतात. खरी अडचण पत्रा, काच आणि दिवे यांची. तुमच्या चुकीने नव्हे, तर सिग्नलला मागून आलेल्या रिक्षाने फुटणाऱ्या या वस्तू.

कंपनीचा पार्ट आणि त्याच कारखान्यातला बाहेरचा पार्ट यांतला फरक समजून घेतला तर निम्मा खर्च वाचतो. मोटार कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. फिल्टर मान किंवा माहले बनवतात, सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डर, गिअरबॉक्स झेडएफ, शॉकअब्सॉर्बर सॅक्स किंवा बिलस्टाइन. जर्मन गाडीचा आर्म कंपनीच्या खोक्यातून काढलात तर त्यावर तारा किंवा कड्यांचा लोगो असतो. त्याच उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला आर्म हातात घ्या, तर लोगोची जागा घासून सपाट केलेली दिसेल. बोट फिरवलं की खरखर लागते. बाकी ओतीव काम तेच. भावात मात्र चांगलाच फरक. गाडीच्या पार्टवरचा नंबर टिपून ठेवायची सवय लावा. मर्सिडीजच्या पार्ट नंबरात 'ए' नंतरचे पहिले तीन आकडे सहसा मॉडेलची मालिका सांगतात, त्यावरून दुसऱ्या कुठल्या मॉडेलचा भाग आपल्याला चालेल याचा अंदाज येतो. नामांकित खोक्यात भरलेला नकली मालही बाजारात भरपूर आहे. ब्रेक, टायमिंग आणि स्टिअरिंगच्या वस्तू पक्क्या बिलावरच घ्या, तिथे काटकसर नको.

'दुबईहून मागवू' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. आखातात आपली माणसं आहेत, सुट्टीवर येताना बॅगेत सेन्सर घेऊन येतात, हे खरं. पण दुबईतल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. तिकडचं स्टिअरिंग रॅक, डॅशबोर्ड, वायपरची जोडणी आपल्याकडे बसत नाही. हेडलाइट बसला तरी त्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. इंजिनाचे भाग, सेन्सर, शॉकअब्सॉर्बर खुशाल आणा. उजव्या स्टिअरिंगशी संबंध असलेली वस्तू ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेच्या बाजारात शोधा.

कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीची मायापुरी हा आणखी एक मार्ग. अपघाती गाडीचं दार, बॉनेट, सीट तिथून घ्यायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मात्र सांभाळा. ऑडी-फोक्सवॅगन घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत एका गाडीचं युनिट दुसऱ्या गाडीत लावलं की ते स्वतःला कुलूप लावून घेतं. कंपनीच्या सर्व्हरशी जोडून परवानगी घेतल्याशिवाय ते नीट चालत नाही. आठ हजारांत मिळालेला मीटर मग शोभेपुरता उरतो.

भारत सोडून गेलेल्या कंपन्यांचं गणित निराळं. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी पार्ट आणि सेवा चालू ठेवली. इथे बनलेल्या आणि रस्त्यावर भरपूर असलेल्या एंडेव्हरला त्यामुळे फार झळ बसली नाही. तयार आयात झालेली मस्टँग मात्र हौसेचीच गाडी. कंपनी गेली म्हणून भाव पडला असेल तर तो पार्ट मिळत असेपर्यंतच तुमच्या फायद्याचा.

पार्ट मिळाला तरी बसवणारा हवा. बाजारातला साधा स्कॅनर इंजिनाचा कोड वाचून दाखवतो, पण एअरबॅग, सस्पेन्शन, गिअरबॉक्सच्या आत शिरायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं: बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, फोक्सवॅगन गटाला ओडिस. ते हाताळणारं स्वतंत्र गॅरेज तुमच्या शहरात आहे का? पुणे-मुंबईत आहेत, नाशिक-कोल्हापुरातही सापडतात. पण तुम्ही उदगीरला किंवा सावंतवाडीला राहत असाल, तर प्रत्येक चेकलाइटला टोइंगचा खर्च मिळवा. गाडी घेण्याआधी याच मेकॅनिककडून ती तपासून घ्या. त्याची फी द्यायला कचरू नका आणि विकणाऱ्याचा 'आपला माणूस' टाळा.

तपासणीत मोठ्या खर्चाच्या जागा ठरलेल्या आहेत. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर आदल्या संध्याकाळी सपाट जागी उभी करून ठेवायला सांगा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पोहोचा. चारही चाकं आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर बोटांनी मोजा. एखादा कोपरा बसलेला दिसला तर तिथला रबरी फुगा गळतोय. गळका फुगा भरत राहण्याच्या नादात कॉम्प्रेसर जास्त पळतो आणि मग तोही जातो, म्हणजे खर्च दोन वस्तूंचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' आहे, बदलायची गरज नाही, असं विकणारा सांगेल. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. बदलल्याचं बिल मागा. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी, ५२०डी मध्ये येणाऱ्या एन४७ या जुन्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू करताना मागून खरवडल्यासारखा आवाज आला तर परत फिरा, कारण चेन बदलायला इंजिन उतरवावं लागतं आणि मजुरी पार्टला भारी पडते. डिझेल गाडी फक्त शहरात फिरलेली असेल तर सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तुंबलेला असण्याची शक्यता धरा.

चालवण्याचा खर्च पाहू. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरा. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ७५ हजार रुपये लागतात, ८ देणाऱ्या गाडीला दीड लाख. हा फरक लोक मोजतात, कारण तो दर आठवड्याला दिसतो. न दिसणारे खर्च वेगळेच. छोट्या गाडीला साडेतीन लिटर तेल पुरतं, सहा सिलिंडरच्या डिझेलला साडेसहा ते आठ लिटर लागतं, तेही ठरावीक प्रतीचं सिंथेटिक. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनीच नसते. काही मॉडेलांत पुढची आणि मागची मापं वेगळी, त्यामुळे टायर अदलाबदल करून झीज सारखी करायची सोयही नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी असा संच बदलायचाच आहे असं धरून भाव करा. बॅटरीसुद्धा काही गाड्यांत बदलल्यावर संगणकावर नोंदवावी लागते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत गाडीला किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालतं ते छापलेलं असतं. जुन्या आयात गाड्यांवर बहुधा ई१० असतं आणि आपल्या पंपांवर आता ई२० आहे. रबरी होज आणि सील तपासायला ही एक जागा वाढली.

विम्याकडे बहुतेकजण फक्त हप्त्यापुरतं पाहतात. झिरो डेप्रिसिएशनचं संरक्षण साधारण पाच वर्षांनंतर मिळणं कठीण होत जातं. ते नसेल तर दाव्याच्या वेळी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के कापून घेतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, दहा वर्षांवर ५० टक्के. बंपर प्लास्टिकचं, हेडलाइट प्लास्टिकचा, एअरबॅगलाही ५० टक्क्यांचाच नियम. म्हणजे विमा असूनही अर्धं बिल तुमचं. आणखी एक गोष्ट. दुरुस्तीचं बिल गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या तिच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेलं की विमा कंपनी तिला टोटल लॉस ठरवते. आठ लाख आयडीव्हीच्या गाडीला ही मर्यादा सहा लाखांची. दोन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट आणि फुटलेल्या एअरबॅग मिळून आयात गाडीत तिथवर पोहोचायला फार मोठी धडक लागत नाही. म्हणून आयडीव्ही कमी लिहून हप्ता वाचवू नका.

आरटीओचं खातं शेवटी, पण रक्कम लहान नाही. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, साध्या खासगी गाडीपेक्षा बराच जास्त. पुदुच्चेरीच्या पासिंगच्या गाड्या आपल्याकडे इतक्या का दिसतात, याचं कोडं इथे सुटतं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणून नव्याने नोंदणी करावी लागते आणि वयानुसार इथला कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जर्मन डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांचा भाव महाराष्ट्राच्या करासकटच मोजा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आलं की साध्या मोटारीचं शुल्क ५ हजार रुपये आहे आणि इम्पोर्टेड म्हणून नोंद असलेल्या चारचाकीचं ४० हजार. २०२५ च्या नव्या नियमाने वीस वर्षांपुढच्या गाडीला हेच आकडे १० हजार आणि ८० हजार झाले. आरसीवरची ती एक नोंद पाहा म्हणालो ते यासाठी.

हे सगळं वाचून घ्यायचीच नाही असं ठरवू नका. घरात रोजची दुसरी गाडी आहे, हाताशी भरवशाचा मेकॅनिक आहे आणि गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येते, अशा माणसाने चार-पाच वर्षांची, इथे जुळवलेली, भरपूर विकली गेलेली, संपूर्ण सर्व्हिसची बिलं असलेली गाडी जरूर घ्यावी. ती नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षा जास्त सुख देईल. कर्ज काढून, हीच एकुलती एक गाडी म्हणून, दहा वर्षांची सीबीयू घेणाऱ्याला मात्र मी सरळ नको म्हणेन. आणि दोघांनाही तो दहा वस्तूंचा कागद लागू आहे. त्यातल्या तीन वस्तूंना 'कधी येईल सांगता येत नाही' असं उत्तर आलं, तर विकणाऱ्याला टोकन देऊ नका.